शिरोड्याची एक सकाळ

गेल्या फाल्गुनात आमच्याकडे उटनूरहून एक स्नेही पाहुणे म्हणून आले होते. उटनूर हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेले नसेल. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, सागवानाच्या रानांनी वेढलेले हे गाव. गोंड आणि कोलाम यांची वस्ती असलेल्या डोंगराळ मुलखाचे जणू ठाणेच. एके काळी हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडत. राज्यपुनर्रचनेत ते मराठी मुलखात आले, उटनूर पलीकडे राहिले. मराठी मात्र तेथून गेली नाही. चाळीसच्या दशकात फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने त्याच परिसरातील मारलवाई येथे गोंड मुलांच्या शिक्षणाचे केंद्र चालविले, तेव्हा गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. आमचे स्नेही अशाच एका शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले. साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यात नवल काही नाही. उटनूरपासून कोणत्याही बाजूचा समुद्र चारशे किलोमीटरांहून जवळ नाही.

त्यांची इच्छा साधी होती. एक सकाळ समुद्राकाठी बसून काढायची, आणि ती अशा गावी, की जेथे आपल्याला कोणी काही विकावयास येणार नाही.

ही इच्छा ऐकून आम्ही जे ओशाळलो, ते वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. शंभर किलोमीटरांच्या वर किनारा लाभलेल्या या राज्यात आम्ही मनातल्या मनात एकेका गावाचे नाव घेऊ लागलो आणि एकेक खोडू लागलो. कळंगुट तर प्रश्नच नव्हता. बागा, हणजूण, वागातोर येथे सकाळ होते ती रात्र संपल्यावर, आणि रात्र संपते सूर्य वर आल्यावर. मोरजी आणि मांद्रे ही कासवांची गावे. पण तेथेही आता वाळूवरच्या खाटा कासवांच्या आधी जागा धरतात. हरमलचे नाव ओठांवर आले आणि मागे गेले. दक्षिणेकडे अजून दोन-चार जागा आहेत. त्यांची नावे आम्ही मुद्दामच येथे छापीत नाही. शेवटी पेडणे तालुक्यातच राहणाऱ्या आमच्या एका वडीलधाऱ्या सोयऱ्यांनी तोडगा सुचविला : "तेरेखोल नदी ओलांडा. शिरोड्याला जा."

शिरोडे म्हणजे फोंडा तालुक्यातले आमचे शिरोडा नव्हे. वेंगुर्ले तालुक्यातले, सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. गोव्याच्या सीमेपासून ते इतके जवळ आहे, की शेजारच्या घरी विसावावे तसे तेथे जाता येते. १९६१ पूर्वी मात्र ही नदी म्हणजे दोन राज्यसत्तांमधील सरहद्द होती. तिच्या मुखावरील तेरेखोलच्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला, ही आठवण आमच्या पिढीच्या वाचकांना सांगावयास नको. आज त्या किल्ल्यात हॉटेल आहे.

आम्ही पहाटे निघालो. शिरोड्यास पोहोचलो तेव्हा बाजारपेठ नुकती डोळे चोळीत होती. एका दुकानाची फळी निघालेली, दुसऱ्याची निघण्याच्या बेतात. चहाच्या टपरीवर तीन गृहस्थ बसले होते आणि तिघेही बोलत नव्हते. आमच्या पाहुण्यांना याचे मोठे आश्चर्य वाटले. त्यांच्याकडे सकाळी सहाला माणसे रानाकडे किंवा शेताकडे निघालेली असतात. आणि शहरांत, जेथे त्यांची मुले नोकरीला आहेत, तेथे तर सकाळ म्हणजे एक पळापळ. येथे घाई कोणाला दिसेना. "ही माणसे रिकामी आहेत का?" त्यांनी आम्हांला हळूच विचारले. आम्ही "नाही" म्हटले. पण ते कशावरून, हे त्यांना दाखविण्यास आणखी तासभर जावा लागला.

बाजारातून समुद्राकडे जाण्यापूर्वी त्यांना एक शाळा पाहावयाची होती. शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाची शाळा पाहण्याची ओढ असतेच, आणि ही शाळा तशी साधी नव्हे. १९२० साली सांगलीकडचा एक बावीस वर्षांचा तरुण या गावी शिक्षक म्हणून आला आणि १९३८ पर्यंत राहिला. वि. स. खांडेकर हे त्याचे नाव. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या १९३४ सालच्या, म्हणजे शिरोड्यातल्याच. पुढे 'ययाति'ला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीला तो मान प्रथमच लाभला, आणि खांडेकर कोल्हापूरचे म्हणून ओळखले जाऊ लागले. पण त्यांच्यातला लेखक घडला तो या समुद्राच्या आवाजात आणि या मुलांच्या गरिबीत. गावाने त्यांची आठवण जपली आहे. शाळेच्या फाटकाशी पाहुणे काही वेळ नुसते उभे राहिले. अठरा वर्षे एकाच खेडेगावात मास्तरकी म्हणजे काय, हे त्यांना आम्ही समजावून देण्याची गरज नव्हती.

शेजारचे गाव आरवली. जयवंत दळवी जन्माने आमच्या हडफड्याचे, पण वाढले आरवलीत, आणि त्या परिसरातली माणसे त्यांनी मराठी साहित्यात कायमची वस्तीस आणून ठेवली. त्याच आरवलीत वेतोबा आहे. देवाला भक्त केळ्यांचे घड वाहतात आणि चांगल्या हातभर लांबीची चामड्याची पायताणे वाहतात. देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, त्यामुळे पायताणे झिजतात, अशी श्रद्धा. झिजलेले तळवे पाहून पाहुणे हसले नाहीत. त्यांच्याकडील गोंडांच्या देवांनाही वेशीपाशी राखण करावी लागते, एवढेच ते म्हणाले. आम्हांला मात्र एक गंमत वाटली : या टापूत रात्रपाळी देवाने केलेली असते, म्हणूनच की काय, माणसांना सकाळी सावकाश उठण्याची मुभा असावी.

शिरोड्याचा समुद्र सुरूच्या बनाआडून अचानक समोर येतो. पाहुण्यांना त्या क्षणी काय वाटले, ते आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. ते चपला हातात घेऊन ओल्या वाळूपर्यंत गेले, पाण्याने पाय ओले केले, बोट बुडवून चाखले, आणि लहान मुलासारखे तोंड वाकडे केले. "पुस्तकात खारट लिहिले आहे," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षे मुलांना शिकविले. पण हे तर कडू आहे!" त्यांचे म्हणणे बरोबर होते. एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते सगळे आपल्या जेवणातले मीठ नव्हे. मॅग्नेशियमचे क्षार त्यात असतात आणि ती कडवट चव त्यांची. मिठागर चालविणाऱ्याचे सारे कसब त्यातून मीठ तेवढे वेगळे काढण्यात आहे. पण त्याकडे आम्ही पुढे येऊच.

किनाऱ्यावर रापण लागलेली होती. होडीने जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडून त्याची दोन टोके काठावर आणलेली, आणि दोन्ही दोरांवर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसे. ती ओढतात कशी, हे पाहण्यासारखे असते. कोणी जोर करीत आहे असे वाटतच नाही. कंबरेशी दोर अडकवून माणसे एकामागून एक पावले मागे टाकीत जातात, शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याशी येतो आणि साखळी चालू राहते. तास-दीड तास हे चालते. घाई केली तर जाळे फाटते, दिरंगाई केली तर मासळी निसटते. पाहुणे दोराकडे बघत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनीही, न विचारता, शेवटच्या माणसामागे दोर धरला. कोणी हरकत घेतली नाही. रापणीला हात लावणाऱ्याला वाटा देण्याची रीत आहे. त्या रीतीने त्यांना चार बांगडे मिळाले, आणि ते पुढे चहाच्या टपरीवरील बाईंना देऊन टाकावे लागले, कारण उटनूरचे आमचे स्नेही माळकरी निघाले.

जाळ्यात त्या दिवशी मासळी बेताचीच होती. रापणकारांनी याचे कारण आम्हांला न विचारता सांगितले, आणि गोव्याच्या वाचकांना ते नवे नाही. सत्तरच्या दशकात आमच्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध जे आंदोलन केले, मातान्ही साल्ढाणांसारख्यांनी ज्याचे नेतृत्व केले आणि ज्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, ते भांडण अजून मिटलेले नाही. फक्त ट्रॉलरच्या जोडीला पर्ससीनची जाळी आणि रात्री समुद्र उजळून टाकणारे एलईडी दिवे आले. दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. किनाऱ्यावरून रात्री ती बंदी फारशी दिसत नाही, एवढेच आम्ही म्हणू.

सूर्य दोन कासरे वर आला तेव्हा आम्ही मिठागरांकडे वळलो. सकाळची खरी भेट येथे झाली.

शिरोड्याची मिठागरे जुनी आहेत. भरतीचे खारे पाणी बांधातल्या वाटेने आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत त्याला ऊन खाऊ द्यायचे, आणि ते पुरेसे दाट झाले की चोपून गुळगुळीत केलेल्या शेवटच्या वाफ्यात सोडायचे. तेथे पाण्यावर आधी साय धरते, मग दाणा पडतो. लांब दांड्याच्या लाकडी फळीने तो ओढून कडेला ढीग करायचा. कडू क्षार पाण्यात मागे राहतात. म्हणून पाणी पूर्ण आटू द्यायचे नसते. एवढी सारी रसायनविद्या शाळेत न गेलेल्या माणसांच्या डोळ्यांत आणि तळपायांत असते. पौषापासून वैशाखापर्यंत हंगाम. त्यात एक अवकाळी सर आली की पंधरा दिवसांचे ऊन वाया.

ज्या कामाला सूर्याची आणि वाऱ्याचीच वाट पाहावयाची, त्यात माणसाने धावून काय होणार? आमच्या पाहुण्यांच्या सकाळच्या प्रश्नाचे उत्तर येथे होते. टपरीवर बसलेले गृहस्थ रिकामे नव्हते. त्यांचे काम भरतीच्या वेळेवर होते आणि भरती आठ वाजता होती. त्यांतल्या एकाला आम्ही बांधावर पाणी सोडताना ओळखले. त्याने आम्हांला ओळखले की नाही, ते कळले नाही. तो तेव्हाही बोलला नाही.

एक म्हातारी ढिगावर फळी फिरवीत होती. तिने पाहुण्यांना विचारले, "खयसून इलात?" त्यांनी गावाचे नाव सांगितले, ते तिला कळण्याचे कारण नव्हते. मग त्यांनी आपल्या गावाजवळ समुद्र नाही आणि आज आपण तो प्रथमच पाहिला, असे सांगितले. बाईंनी फळी थांबविली. "तुमच्या गावाक दर्या नाय?" तिने विचारले, आणि मग खऱ्याखुऱ्या काळजीने, "मगे मीठ खयसून गावता तुमका?"

"दुकानातून, मावशी," आमचे स्नेही म्हणाले. "पुडीतून येते."

हा प्रश्न आम्हांला हसण्यासारखा वाटला नाही. शतकानुशतके तो या देशाच्या अंतर्भागाचा मोठाच प्रश्न होता. कोकणच्या बंदरांतून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून रामघाटासारख्या वाटांनी देशावर जात आणि धान्य घेऊन उतरत. मीठ हे जंगलात उगवत नाही, शेतात पिकत नाही. रानातल्या माणसाला सगळे रानात मिळते, मीठ तेवढे विकत घ्यावे लागते. म्हणूनच ज्याला सत्ता हवी तो मिठाला हात घालतो. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये आमच्या गोव्यातील मिठागरांचे नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेले. १८९२ साली तो करार संपला तोवर अनेक आगर ओस पडले होते. इंग्रजी मुलखात मिठावर कर होता आणि १९३० साली गांधीजींनी दांडीला जो कायदा मोडला, तो मोडण्यासाठी महाराष्ट्रातील सत्याग्रही त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिरोड्याच्या याच मिठागरांवर आले. येथे लाठ्या चालल्या, माणसे तुरुंगात गेली. खांडेकर तेव्हा गावात शिक्षक होते. मिठावरील कर गेला तो १९४७ साली.

पण कर गेल्याने आगर वाचले, असे झाले नाही. त्यानंतरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिच्यात कोणी एक खलपुरुष नाही. आयोडीन नसलेल्या मिठाच्या खाण्यासाठीच्या विक्रीवर केंद्राने १९९८ साली बंदी घातली, २००० साली ती उठविली, २००६ साली पुन्हा लागू केली. आम्ही किनाऱ्यावरची माणसे या बंदीवर तावातावाने बोलतो. जाडे मीठ आमच्या लोणच्यात, आमच्या खाऱ्या मासळीत, आमच्या कैरीच्या फोडीवर; त्यावर सरकारने का बोट ठेवावे? हे आम्ही पाहुण्यांपाशी बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपल्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात डोंगरी पाड्यांवर पाहिलेल्या गलगंडाच्या बायका आणि मंद वाढीची मुले यांविषयी सांगितले. आयोडीन मातीतून आणि मासळीतून येते. किनाऱ्यावर बसून ते कळत नाही. आमचे म्हणणे आम्ही पूर्ण मागे घेतले नाही, कारण लहान आगरवाल्याला आयोडीन मिसळण्याची सोय आणि मदत देणे अशक्य नव्हते, ती पुरेशी दिली गेली नाही. पण तावाताव मात्र ओसरला.

आज शिरोड्याचे, तसेच आमच्या आगरवाड्याचे आणि नेरुलचे मीठ बरेचसे माडांच्या मुळांशी जाते, मासळी सुकवायला जाते, आणि ज्यांना चवीची जाण आहे त्यांच्या घरी गुपचूप जाते. तरुण मुले या कामात येत नाहीत. उन्हात तळपाय भाजून घेण्याचे हे काम. त्यांना दोष कोण देणार? बांध फुटला की तो बांधायला माणसे मिळत नाहीत आणि एक हंगाम बंद राहिलेल्या आगरात मग वर्षावर्षांनी झुडुपे वाढतात.

आणि जमीन मोकळी दिसू लागली की तिच्याकडे लक्ष जाणारे असतातच. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिरोड्याच्या वेळागर भागात नव्वदच्या दशकात शासनाने मोठ्या हॉटेलासाठी जमीन घेतली आणि त्यावरून गावकऱ्यांचा विरोध वर्षानुवर्षे चालला. उत्तरेस चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. आमच्या पेडण्यातील मोपाचा डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटित झाला. म्हणजे ही शांत सकाळ आता दोन विमानतळांच्या मध्ये आहे. उद्या कोणी जाहिरातीत लिहील : निवांत किनारा, सुरूची बने, घाईगर्दीपासून दूर. ते खोटेही नसेल. पण जो निवांतपणा आम्ही त्या सकाळी पाहिला तो रापणीच्या दोराचा होता आणि मिठाच्या वाफ्याचा होता. दोर आणि वाफा गेल्यावर तेथे उरेल ती नुसती रिकामी वाळू, आणि रिकाम्या वाळूत काय काय येऊन बसते हे शिकण्यासाठी शिरोडकरांना लांब जावे लागणार नाही. एक नदी ओलांडली की पुरे.

आम्ही पर्यटनाच्या विरुद्ध आहोत असा आक्षेप येईल. आम्ही त्या दिवशी स्वतः पर्यटकच होतो. टपरीवर आम्ही घावणे आणि नारळाची चटणी खाल्ली, दोनदा चहा घेतला, पैसे दिले, आणि ते घेणाऱ्या बाईंना ते हवेच होते. गावात चार घरांनी पाहुण्यांना खोल्या द्याव्यात, खानावळी चालवाव्यात, मिठागर बघायला आलेल्या शाळांच्या मुलांना आगरवाल्यानेच दोन पैसे घेऊन ते दाखवावे, यात वाईट काय आहे? प्रश्न एवढाच आहे की सकाळी भरतीला बांध उघडणारा माणूस त्या व्यवस्थेत कोठे उभा असेल : आपल्या आगराच्या बांधावर, की कोणाच्या फाटकाशी गणवेश घालून? हा प्रश्न सिंधुदुर्गाच्या राज्यकर्त्यांनी आम्हांला विचारला असता तर आम्ही आमच्या किनाऱ्यावरची ती फाटके मोजून दाखविली असती. पणजीच्या राज्यकर्त्यांना तो आम्ही पूर्वी अनेकदा विचारला आहे.

दहा वाजले. आगरावरची माणसे सावलीला आली आणि पेजेची भांडी उघडली गेली. उकड्या तांदळाची पेज, वर सुक्या मासळीचा तुकडा नाही तर लोणच्याची फोड. म्हातारीने पाहुण्यांना आग्रह केला. त्यांनी पेज घेतली, आणि मीठ लागते का असे विचारल्यावर हात पुढे केला. तिने ढिगावरचेच चिमूटभर घातले.

निघताना त्यांनी दोन किलो मीठ मागितले. उटनूरच्या घरी नेऊन आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. तिने दोन किलो मोजून वर दोन मुठी घातल्या आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. पावसाळ्यात हे पाणी होऊन जाईल का, असे त्यांनी विचारले. "मडक्यात घालून ठेवा," ती म्हणाली. "पावसात वायच पाझारात, पण बिघडाचा नाय."

तिच्याजवळ पिशवी नव्हती. आमच्या गाडीत परवाचा अंक होता, त्यात तिने मीठ बांधून दिले. पुडी पाहुण्यांनी मांडीवर धरली होती. पेडणे येईपर्यंत कागद दमट झाला आणि अग्रलेखाची शाई त्यांच्या धोतराला लागली.